लपवलेला रकाना

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल. या तालुक्यांतल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी चालते. बोटातून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी चाचणी, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस. निकाल शीटमध्ये चढतो: नाव, पाडा, वय, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात दोन अक्षरे. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

वाहक सहसा ठणठणीत असतो. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून निकाल तपासणी झालेल्या मुलीला लग्नाआधी कळायलाच हवा, आणि तिच्याआधी गावाला कळता कामा नये. वाहक नसलेल्या मुलाशी तिचा संसार निर्धास्त होऊ शकतो, हे समजावून सांगण्याआधीच यादी फुटली तर सोयरीक मोडते. बोल मुलीलाच लागतो.

शीट मात्र साऱ्यांची. गोळ्यांचा साठा बघणारा, गाडीची फेरी ठरवणारा, मासिक अहवाल भरणारा, सगळे एकाच लिंकवर. ‘तो कॉलम हाइड केलाय’ म्हणून आपण निश्चिंत होतो. पण नुसती बघण्याची परवानगी असलेला माणूसही बहुधा शीटची प्रत काढून तो कॉलम उघडू शकतो. शीटला लावलेले ‘प्रोटेक्ट’ बदल अडवते, वाचन नाही. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या एका अर्जाला उत्तर म्हणून शीट दिली. तिच्यातल्या लपलेल्या माहितीत 9,483 अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे आणि हुद्दे होते. ती इंटरनेटवर आली आणि कित्येकांना जिवाची धास्ती लागली.

निकालाची फाइल वेगळीच हवी, आणि ती नावानिशी दोघा-तिघांनाच खुली हवी. साठा बघणाऱ्याला आकडा पुरतो, गाडीवाल्याला पाडा आणि वार. नाव खोडले की भागले, असेही नाही. वीस घरांच्या पाड्यावर ‘मुलगी, वय 19’ एवढ्यावरून कुणीही तिचे दार दाखवील. बदली झालेल्याचा प्रवेश त्याच दिवशी काढावा. हे काम हमखास राहून जाते.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. पाड्यावरच्या मुलीचा हक्क त्यात तसूभरही कमी नाही. तिच्या बोटाला सुई टोचण्याआधी तिच्याच बोलीत तिला सांगायला हवे, तुझा निकाल कोण कोण बघणार. आणि ती नावे न अडखळता घेता येतील इतकी थोडी असावीत.