डेटाबेस ओरडत होता, तू कान बुजवलेस

मान वर कर आणि सांग. वनहक्क दाव्यांचा गठ्ठा मोंगोडीबीत चढवलास, ‘झालं’ म्हणून निरोपही धाडलास. दिले किती? चढले किती? माहीत नाही ना? मग ‘झालं’ कुणाच्या भरवशावर म्हणालास?

तुझा कोड पाहिला मी. ट्राय, खाली एक्सेप्ट, त्याखाली पास. डेटाबेस सांगायला आला आणि तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. ही चूक हाताळणं नव्हे, चूक पुरणं झालं. आणि कळत नव्हतं म्हणू नकोस. इन्सर्टमेनी तूच मला फळ्यावर समजावली होतीस. ती मुळात क्रमाने चालते, पहिल्या चुकीला थांबते. हजारांतला 237वा दावा अडला तर आधीचे 236 आत राहतात आणि उरलेल्या 763 ना हातही लागत नाही. सगळे चढावेत नाहीतर एकही नको, असं हवं असेल तर ट्रान्झॅक्शन लागतं. ऑर्डर्ड फॉल्स केलं तर अडलेले सोडून बाकीचे चढतात आणि शेवटी अडलेल्या प्रत्येकाचा क्रमांक, कोड, कारण हातात येतं. यादी आयती मिळत होती! तुला ती वाचायचीसुद्धा मेहनत नको?

‘नेट तुटलं होतं.’ अरे, भामरागडात नेट तुटतं ही काय बातमी झाली? पर्लकोटेला पूर आला की इथला रस्ता तुटतो, तिथे नेटचं काय घेऊन बसलास? नाचता येईना अंगण वाकडे! तुटणार हे धरूनच लिहायचं असतं. तू काय केलंस? काय चढलं ते न बघता फाईल पहिल्यापासून सोडलीस. आयडी दिली नव्हतीस, म्हणून प्रत्येकाला नवी पडली आणि एका माणसाचे दोन दावे झाले. मग घाबरून सगळं पुसलंस आणि नाव, आडनाव, गाव यांवर युनिक इंडेक्स ठोकलास.

इथे माझं डोकं फिरलं. एका गावात एकाच नावाचे दोन मडावी असू शकतात, हे तुला मी सांगायचं? तू इथलाच ना? दुसरा मडावी आला, डेटाबेसने 11000 हा दुबारीचा कोड दिला, तू म्हणालास ‘दुबार असेल’. उघडून पाहिलंस? बापाचं नाव वेगळं होतं. ते अर्जात विचारलेलंच असतं, तुझ्या इंडेक्समध्ये मात्र नव्हतं. तोच दावा पुन्हा आला तरी 11000, दुसरा माणूस आला तरी 11000. फरक कागद बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायचा तुला कंटाळा.

आणि ते 121, नियमात न बसल्याचा कोड? जोडीदाराचं नाव तू सक्तीचं केलंस. विधवा बाईने तिथे काय लिहायचं? 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो, जोडपं असेल तर हक्क दोघांच्या नावे, एकट्याने चालवलेलं घर असेल तर त्या एकट्याच्या नावे. कायद्याने जिला आत घेतलं तिला तुझ्या एका ओळीने बाहेर काढलं, आणि कुणाला कळलंही नाही. ग्रामसभेत बसून, अंगठे देऊन, हद्दी चालून लोकांनी तयार केलेले कागद आहेत ते. तुझ्या सरावाची फाईल नव्हे.

हुशार नसतास तर एवढं बोललो नसतो.

आता बस. ग्रामसभेचं नाव आणि दाव्याचा नोंदक्रमांक जोडून आयडी बनव, म्हणजे पुन्हा सोडलं तरी दुबार होणार नाही. शंभर-शंभरच्या तुकड्या कर. दर तुकडीला दिलेले, चढलेले, अडलेले यांचा ताळा जुळव. जुळला नाही तर पुढे जायचं नाही. डेटाबेस अडलेल्यांचे क्रमांक शून्यापासून मोजतो, तेव्हा चुकीचा कागद उचलू नकोस. अडलेल्यांची यादी, गाव आणि कारणासकट, उद्या संध्याकाळी मला कागदावर हवी.