ओल्या सरपणाची अट

नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान मुलांना चटकन पटतं. उलट बाजू समजावताना दमछाक होते. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं मात्र म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. ही लपलेली अट म्हणजे नैयायिकांचा ‘उपाधी’. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात हेच उदाहरण दिलं आहे.

माझ्या भाचीच्या सहा वर्षांच्या मुलाला कर्करोग झाला आणि ही अट मला रक्ताच्या रिपोर्टात भेटली.

त्याला कार्बोप्लॅटिन द्यायचं होतं. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात त्यावर डोस ठरतो. या गाळणीच्या वेगाला डॉक्टर जीएफआर म्हणतात. तो खऱ्याहून जास्त धरला तर औषध जास्त जातं, प्लेटलेट्स कोसळतात, रक्तस्रावाची भीती उभी राहते. कमी धरला तर गाठीला पुरेसं औषध पोचत नाही. चूक कोणत्याही बाजूला झाली तरी भोगायचं त्या लेकरालाच.

गाळण डोळ्यांना दिसत नाही. ती रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ओळखतात. मुलांसाठीचं सूत्र जॉर्ज श्वार्ट्झ यांनी 1976 मध्ये मांडलं आणि 2009 मध्ये सुधारलं: उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, 0.413 ने गुणायची, क्रिएटिनिनने भागायची. आमच्या नातवाची उंची 110, क्रिएटिनिन 0.3. उत्तर आलं 151. निरोगी मुलाचा जीएफआर साधारण 90 ते 140 असतो. महिनोन्‌महिने ताटावरून उठून जाणाऱ्या, मनगटं काडीसारखी झालेल्या मुलाची मूत्रपिंडं निरोगी मुलांपेक्षाही सरस? क्रिएटिनिन 0.4 असतं तर याच सूत्राने 114 सांगितलं असतं. दशांशचिन्हापुढच्या एका अंकावर एवढा भार!

कारण सरळ आहे. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. स्नायूच झिजले तर ते रक्तात कमीच उतरणार, मूत्रपिंडं कशीही असोत. ‘क्रिएटिनिन कमी, म्हणून गाळण उत्तम’ या अनुमानात ‘स्नायू पुरेसे असतील तर’ ही अट लपलेली आहे. शिवाय 2009 चं सूत्र बसवलं गेलं ते उत्तर अमेरिकेतल्या, मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या 349 मुलांवरून. ज्यांच्यावरून नियम शिकलो ती मुलं एका तऱ्हेची, आणि ज्याला तो लावायचा ते मूल अगदी वेगळ्या तऱ्हेचं.

त्याच्या डॉक्टर तरुण होत्या. रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाल्या, “आजी, या आकड्यावर मी डोस लिहिणार नाही. डीटीपीए करून घेऊ.” या तपासणीत टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं औषध शिरेत देतात आणि काही तासांच्या अंतराने रक्त घेऊन ते किती वेगाने ओसरलं हे मोजतात. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं उरतं, त्यामुळे सगळं वेळेवर बांधलेलं. आकडा आला 102.

102 हेही प्रत्यक्ष नव्हे, हे मला ठाऊक आहे. रक्तातून ओसरणाऱ्या द्रव्यावरून केलेलं तेही अनुमानच. फक्त त्याला स्नायूंची अट नाही. सिस्टॅटिन-सी नावाची रक्ततपासणी आहे, तीही स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण मूल स्टेरॉइडवर असेल तर तिचा आकडा बदलतो. प्रत्येक हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, आपापलं ओलं सरपण आहे. मग चार्वाकाचंच खरं मानायचं का, की अनुमानावर विश्वासच ठेवू नये? नैयायिक उदयनाचार्यांनी त्याला दिलेलं उत्तर मला आजही पुरेसं वाटतं: शंकेला मर्यादा आपल्या कृतीची. भूक लागली की शंकेखोरही जेवतोच. डॉक्टरांना आज डोस लिहायचाच आहे, गाठ थांबत नाही.

तर प्रश्न खात्रीचा नाही, जबाबदारीचा आहे. अपुऱ्या ज्ञानावर केलेल्या कृतीतून इजा झाली, तर शुद्ध हेतूने माणूस सुटतो का?

आम्हा नाशिककरांना या प्रश्नासाठी लांब जावं लागत नाही. ब्रह्मगिरीवरच्या गौतम ऋषींनी पिकात शिरलेल्या गायीला हाकलायला दर्भाची काडी टाकली, आणि गाय मेली. मत्सराने रचलेलं ते कपट होतं, गायही मायावी होती. गौतमांचा हेतू निर्मळ, हातात फक्त काडी. तरी ‘मला काय माहीत’ असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. तप केलं, आणि कथा सांगते की गोदावरी त्यातून उतरली. न्यायसूत्रांचे कर्ते अक्षपाद गौतम आणि हे गौतम एकच, असा माझा दावा नाही. पण त्र्यंबकला कुशावर्तावर गेले की मला दोघे एकत्र आठवतात: एक अनुमान पारखायला शिकवतो, दुसरा त्याच्या परिणामाचं ओझं उचलतो.

माझं मत ठाम आहे. जी अट ठाऊकच नाही, तिच्यासाठी कुणाला दोष देऊ नये. पण मूल खंगलेलं समोर दिसत असताना, बरी तपासणी हाताशी असताना, सोपा आकडाच पुढे रेटला तर ते अज्ञान राहत नाही. डीटीपीएला पैसे लागतात, दिवस जातो, मुलाला पुन्हा सुई टोचावी लागते. हे सगळं मी पाहिलं आहे, आणि तरीही हेच म्हणते.

तुमच्या घरातलं मूल अशा उपचारांत असेल तर एवढं करा. प्रत्येक वेळी त्याची उंची नव्याने मोजून घ्या, मागच्या कागदावरची उतरवू देऊ नका. वजन किती उतरलंय ते आपणहून सांगा. आणि कार्बोप्लॅटिन सुरू होण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा: हा जीएफआर सूत्राने काढलाय की मोजलाय?