चौथ्या पिढीच्या पलीकडे

मुलाच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लिहायचं काम घरात माझ्याकडे आलं, कारण अक्षर माझं बरं. कुणबी असल्याचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमचं फर्दापूर निजामाच्या राज्यात होतं, म्हणून जुने कागद काही उर्दूत, काही मोडीत. सासऱ्यांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला, खासरा पाहणीपत्रकाची नक्कल मिळाली. त्यावरून मी नावांची उतरंड काढली. खापरपणजोबा, त्यांचे दोन मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे. जिथे माणूस नाही तिथे नावापुढे कंसात ‘मयत’. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र झालं, सह्या झाल्या. त्या झाडावर एकही बाई नाही. ज्या मुलासाठी हे सगळं केलं, त्याला जन्म दिलेली मीसुद्धा नाही.

याचा राग आला असं नाही. कागदाला जे हवं ते कागद विचारतो. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला: पूर्वज म्हणजे नक्की कोण? ज्याचं नाव सापडलं तो, की ज्याच्यामुळे आपण आहोत तो?

श्राद्धाला याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेलं आहे, आणि ते उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा विचित्र निघालं. पिंड तिघांनाच. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. चौथ्या पिढीपासून सहाव्यापर्यंतच्यांना पिंड नाही. पिंड देताना हाताला जो भात चिकटतो तो दर्भाला पुसायचा, तो त्यांचा वाटा. त्यांना लेपभागी म्हणतात. त्याच्याही वर गेलं की नाव घेण्याची सक्ती संपते. म्हणजे ज्या धर्माला आपण पूर्वजांना चिकटून बसलेला समजतो, त्यानेच विसरण्याची सोय पायरीपायरीने करून ठेवली. आधी नावानिशी, मग हाताला लागलेलं शितकण, मग सगळ्यांत मिळून. मला हे शहाणपणाचं वाटतं. दर वर्षी शंभर नावं घ्यायची म्हटली असती तर कुणी श्राद्धच केलं नसतं.

आणखी एक. महालयात पितृत्रयीच्या मागोमाग मातृत्रयी येते, म्हणजे आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरचे. धर्मशास्त्राने बायकांवर फार उपकार केले असं मी म्हणणार नाही, पण निदान त्यांची नावं तरी विचारली. महसूल खात्याने तेवढंही केलं नाही. गेल्या सर्वपित्रीला भटजींनी पणजीचं नाव विचारलं आणि ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. भटजी म्हणाले, नाव आठवत नसेल तर नातं म्हणा. सासूबाईंची अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रीत याहून सोपी आहे. घागर भरतात, आगारी म्हणून विस्तवावर पितरांचा घास टाकतात, ठाऊक आहेत तेवढी नावं घेतात आणि शेवटी म्हणतात, “ज्याह्यची नावं ठाऊक नाही, त्याह्यलेबी पोचो.”

कागदांचंच बोलायचं तर, इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवायचं. लोकांना तेव्हा वाटलं, नवा कर बसणार. पण त्या वह्यांमुळे तिथल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याच्या वंशजालाही आपला चारशे वर्षांपूर्वीचा माणूस सापडू शकतो. आमच्याकडे सरकारी कागद जमिनीचा. ज्याला जमीन नव्हती त्याला नाव नव्हतं. या भागातली कितीतरी घरं आज ‘पुरावा नाही’ म्हणून परत येतात. त्यांना पितर नव्हते असं थोडंच आहे?

आमचं फर्दापूरच्या टी-पॉइंटवर स्फटिक-मण्यांचं दुकान आहे. पर्यटकांना अजिंठ्याच्या लेण्यांकडे नेणाऱ्या बस तिथूनच सुटतात, त्यामुळे ऐकून ऐकून बरंच कळतं. सतरा नंबरच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, पाचव्या शतकातला शिलालेख आहे. त्यात दान देणाऱ्याने आपली वंशावळच कोरून ठेवली: धृतराष्ट्र, हरिसांब, शौरिसांब, उपेंद्रगुप्त, काच, भिक्षुदास, नीलदास, पुन्हा एक काच, कृष्णदास. धाकटा भाऊ रविसांब गेला, त्या दुःखातून हा मनुष्य दानधर्माकडे वळला. बापाचं, आज्याचं, मेलेल्या भावाचं नाव दगडावर टिकलं. खुद्द दात्याच्या नावाची जागा झिजली. अभ्यासक जे नाव सुचवतात ते तर्काने.

सव्वीस नंबरचं लेणं मला जास्त बुचकळ्यात टाकतं. ते करवून घेणारा बुद्धभद्र हा भिक्षू. घर सोडलेला. शिवाय त्याच्या धर्मात टिकून राहणारा ‘मी’ नाही, आत्मा नाही. मग त्याने त्या लेण्याचं पुण्य आपल्या आईबापांना आणि अश्मक राजाचा मंत्री असलेल्या भव्विराज या मित्राला का अर्पण केलं? घेणारा कोण उरला होता? मी याचा अर्थ असा लावते की पुण्य पोचतं की नाही हा त्याच्यासाठी पहिला प्रश्न नसावा. दान कुणाकडे तोंड करून द्यायचं, हा होता. आणि त्या यादीत आईबापांच्या शेजारी रक्ताचं नातं नसलेला मित्र बसला, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. वंशावळीत असं कुणाला घुसवून बघा. पडताळणी समिती प्रकरण परत पाठवेल.

म्हणूनच मला पारोचं काय करायचं हे कळत नाही. घाट चढून वर गेलं की अजिंठा गाव. ईस्ट इंडिया कंपनीने लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलेला रॉबर्ट गिल तिथे बारादरीत राहायचा. त्याची साथ केलेली पारो २३ मे १८५६ रोजी गेली. तिचं थडगं तिथेच आहे. आमच्याच तालुक्यातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे काव्य त्या दोघांवर लिहिलं. गिल पुढे १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला. गिलच्या मागे निदान कंपनीचे कागद आहेत. पारोचं एवढंच, की ती मेली त्या दिवशीची तारीख दगडावर आहे. बाप कोण, गाव कोणतं, जात कोणती, यावर इकडे ज्याची त्याची वेगळी गोष्ट.

येत्या सर्वपित्रीला तिच्या नावाने पाणी सोडायचं मी घरात बोलून दाखवलं. मुलगा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची हरकत रोकडी होती. नातं नाही, गोत्र नाही, मग ते पोचायचं कुणाच्या पत्त्यावर? गोत्र ठाऊक नसलं तर कश्यप म्हणतात, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “कश्यप म्हन, पन आधी माह्या आजीचं नाव काढ. मंग तिचं.”

त्यांच्या आजीचं माहेर घाटाखाली, जामनेरकडे. तिकडचं कुणी उरलंय का, याची चौकशी सध्या चालू आहे.