थंडीतला कंद

काश्मिरांत दल सरोवराजवळच्या बागेंत दर वसंतांत लक्षावधि ट्यूलिप फुलतात. त्यांचे कांद्यासारखे कंद माळी आक्टोबर-नोव्हेंबरांत सुमारें 6 इंच खोल लावितात. वर बर्फ पडतो. 12 ते 16 आठवडे कंद गारठ्यांत राहतो. पाहणाऱ्यास तो मेलासा वाटतो.

परंतु कंद लावण्यापूर्वींच, उन्हाळ्यांत, त्याच्या पोटांत फूल घडलेलें असतें. थंडी तें मारीत नाहीं. देठास वर येण्याचें सामर्थ्य देते. थंडी न मिळाली तर देठ खुंटतो व कळी आंतच सुकते.

तुमच्यांत कोणाचें लेकरूं गेलें असेल, कोणास भावकीनें टाकिलें असेल. दुःख गोड आहे असें मी म्हणत नाहीं. गारठा तो गारठाच. तथापि देवानें तुमच्या ठायीं जें घडविलें, तें त्या गारठ्यांतहि जिवंत आहे.

उपदेशक बंधूंनो, कोंब दिसत नाहीं म्हणून माळी कंद उकरून पाहत नाहीं. शोक करणाऱ्याच्या घरीं जाल, तेव्हां त्याचा विश्वास उकरूं नका. त्याजपाशीं बसा, त्याची चूल पेटली कीं नाहीं तें पाहा, प्रार्थना करा आणि वाट पाहा. वसंत आणणें हें देवाचें काम आहे.