नाव कुणाचं, गाणं कुणाचं

चि. चिऊस,


तुम्हा तिघी बहिणींच्या गाण्याच्या समूहाचा कंपनीशी व्हायचा तो करार, त्याचा तू पाठवलेला मसुदा वाचला. फोनवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. तीस वर्षं बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासली, त्यामुळे लाल पेन आपसूक हातात आलं. 'आम्ही सख्ख्या बहिणी, आमच्यात काय लिहून घ्यायचं?' असं तू म्हणालीस. भावाला जामीन राहणारेही काउंटरवर हेच म्हणायचे.

तुम्ही कार्यक्रमाचा शेवट 'वुई आर फॅमिली'ने करता ना? मग ते गाणाऱ्या चौघींचं काय झालं तेही माहीत असू दे. फिलाडेल्फियाच्या डेबी, जोनी, किम आणि कॅथी स्लेज. आजी ऑपेरा गाणारी, तिनेच गळे तयार केले. 'सिस्टर स्लेज' हे नाव १९७१चं. १९७४मध्ये त्या पार झाईरच्या संगीत महोत्सवात गाऊन आल्या, पण मायदेशी मोठं यश काही येईना.

मग अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाने त्यांना 'शिक' बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सकडे सोपवलं. बहिणी कशा एकमेकींना धरून असतात, हे त्याने तोंडी सांगितलं आणि त्या वर्णनावरून दोघांनी हे गाणं बेतलं. बहिणींची अजून गाठही पडली नव्हती! सगळ्यात धाकटी कॅथी, नुकती विशीला टेकलेली. शब्द आधी हातात दिलेच नाहीत. ती माइकपुढे उभी असताना ओळी सांगत गेले आणि तिने एका टेकमध्ये गाणं उरकलं. पुन्हा ऐकशील तेव्हा तो ताजेपणा कान देऊन ऐक. घोटून घोटून बसवलेल्या गाण्यात तो येत नाही. तुम्ही तालमी जरा जास्तच करता, हे जाता जाता सांगते.

१९७९मध्ये गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोवर चिडलेल्यांनी डिस्कोच्या रेकॉर्डी सुरुंग लावून उडवल्या. आणि ऑक्टोबरात पिट्सबर्गचा बेसबॉल संघ हेच डिस्को गाणं मिरवत वर्ल्ड सिरीज जिंकला. लोकांचं असंच असतं.

आता पैशाचं. गाण्याचे लेखक म्हणून नावं रॉजर्स-एडवर्ड्सची, बहिणींपैकी कुणाचंच नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणारीला छदामही नाही. आपल्याकडे लताबाई गायकांच्या रॉयल्टीसाठी रफीसाहेबांशीही भांडल्या. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात गायकांचा हक्क आला, पण कायदा कपाटात आणि सही कागदावर असते. तेव्हा दुसऱ्याचं गाणं खुशाल गा, त्यात कमीपणा नाही. मात्र चाल किंवा ओळ तुमची असेल, तर ती कुणाची हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि आवाजाचं बोलायचं तर पुढे गाणारी तूच आहेस. लोक तुलाच ओळखणार, मागच्या दोघी गप्प बसणार, आणि गप्प बसलेलं माणूस हिशेब जास्त ठेवतं. कॅथी १९८९मध्ये बाहेर पडली. पुढे बहिणींचा कार्यक्रम वेगळा आणि 'कॅथी स्लेजसह सिस्टर स्लेज' अशी पाटी वेगळी. जोनी २०१७मध्ये गेली. त्याच वर्षी ते गाणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतनयादीत आलं. तिथे मात्र सगळ्या एकत्र आहेत.

पान नऊवर बघ, समूहाचं नाव कंपनीच्या मालकीचं लिहिलंय. ते मी खोडलंय. पण एकीने समूह सोडला तर नाव कुणाचं, यावर अख्ख्या मसुद्यात अक्षर नाही. ते तुम्हीच ठरवायचं, आणि माझ्यासमोर. रविवारी तिघीही या, एकटी येऊ नकोस. थालीपीठं लावते. लोणी घरचं आहे.

तुझी,
आत्या