दहाव्या दिवसाचं रील

"ताई, माझा तो व्हिडिओ काढता येईल का? प्लीज रागावू नका."

हा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ज्या व्हिडिओबद्दल तो होता, तो तोवर दोन लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता. माझ्या अकाउंटवरचं सगळ्यात जास्त चाललेलं रील.

मी नाशिकमध्ये स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. बाळाला नीट ओढता येत नाही, आईला भेगा पडल्यात, 'हिला दूधच नाही' असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय, अशा वेळी माझा नंबर एका घरातून दुसऱ्या घरात जातो. हल्ली नंबराच्या आधी इन्स्टाग्राम जातं. ते वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. रात्री तीन वाजता रडणारं बाळ मांडीवर आणि हातात फोन, हे आजच्या बाळंतिणीचं खरं चित्र आहे. त्या वेळी तिच्या फोनवर कुणीतरी धड माहिती देणारं असावं म्हणूनच मी सुरुवात केली.

ही मुलगी माहेरी बाळंत झाली होती. सिझर, दोन्हीकडे भेगा, बाळ बाटलीवर. मी चार वेळा गेले. दहाव्या दिवशी बाळाने नीट पकड घेतली. गिळल्याचा तो बारीक आवाज आला, आणि ती एकदम रडायला लागली. मी फोन काढला. "घेऊ का गं? टाकला तर चालेल?" "हो ताई, घ्या की. तुमच्यामुळेच तर झालं." अंगावर ओढणी होती, चेहरा दिसत होता, बाळाची फक्त टाळू. चौतीस सेकंद.

पुढचं मला वर्षभराने कळलं. पाचव्या आठवड्यात बाळ संध्याकाळचं खूप रडायला लागलं. असं बहुतेक बाळांचं होतं, तो दूध कमी पडल्याचा पुरावा नसतो. पण घरात पावडरचा डबा आला. आधी रात्रीची एक बाटली, मग दोन. दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल तितकं पुढचं तयार होतं, आणि बाटलीने एक वेळ भागवली की शरीर तेवढी मागणी कमी धरतं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिचं दूध जवळपास बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, एवढ्या लोकांना दाखवायची काय गरज होती. इकडे रील तेव्हाच जोरात चाललं होतं. मावशा, नणंदा, कॉलेजच्या मैत्रिणी, सगळ्या तिला लिहीत होत्या, 'तुझ्यामुळे मला हिंमत आली'. आणि ती स्वयंपाकघरात पाठ करून बाटली हलवत होती.

मी विचारलं, "अगं, मग मला फोन का नाही केलास?"

"तुमचं नाव खराब झालं असतं ना, ताई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पाचव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली असती तर दूध परत वाढवता येण्याची बरीच शक्यता होती. ती आली नाही, कारण मी तिला माझं यश करून टाकलं होतं.

मी तिची परवानगी घेतली होती, हे तर खरंच. पण कुणाची घेतली? दहा दिवस न झोपलेल्या, टाके दुखणाऱ्या मुलीची. तिचं बाळ आत्ता पोटभर प्यायलंय आणि ज्या बाईमुळे ते झालं तीच समोर फोन धरून उभी आहे. त्या क्षणी 'नाही' म्हणायला काय लागलं असतं? कृतज्ञ माणसाचा होकार खोटा नसतो, पण तो पूर्ण त्याचाही नसतो. त्यात परतफेड मिसळलेली असते. ते वेगळं करणं तिचं काम नव्हतं, माझं होतं. बाळाचा होकार तर विचारायचीच सोय नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी तरी कुठे खासगी होतं सगळं? बरोबर. माझ्या आजीच्या गावातली सुईण एकीचं बाळंतपण दुसरीला रंगवून सांगायची. सगळ्या आळीला सगळ्यांचं ठाऊक असे. पण ती आळी पाचव्या आठवड्यालाही तिथेच असायची. दहाव्या दिवशी दूध आलं हे जिला माहीत, तिला पुढे ते आटलं हेही माहीत, आणि मग कुणी आळिवाची खीर घेऊन यायचं, कुणी टोमणा घेऊन. गोष्ट माणसाबरोबर पुढे सरकायची. रील सरकत नाही. तिथे ती मुलगी कायम दहाव्या दिवशीच आहे, आनंदाने रडतेय.

आपल्याकडे १९९२ चा एक कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्याने बाळाच्या डब्यातल्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. दुधाच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रसुद्धा छापता येत नाही. कारण उघड आहे: गुटगुटीत बाळ आणि हसरी आई बघून घरात जे वाटतं, त्यापुढे छापील माहिती टिकत नाही. ही गोष्ट मी व्याख्यानांत अभिमानाने सांगत आले. आणि माझ्या पानावर? बाळ, आई, चित्र. मी डबा विकत नव्हते हे खरं. पण माझ्या फीचं पत्रक त्याच पानावर, त्या रीलच्या वरच होतं.

बघणाऱ्यांचंही बोलायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालची साधारण ६४ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. म्हणजे ढोबळमानाने तीनातली एक नव्हती. त्या तिसरीच्या फोनवरही माझं रील गेलंच असणार. तिला त्यातून काय मिळालं असेल याचा अंदाज मला आता येतो.

रील मी त्याच रात्री काढलं. ते गेलं असं मात्र म्हणता येत नाही. दुसऱ्या कुठल्याशा पानाने ते आधीच उचलून त्यावर गाणं चढवलंय, आणि माझ्या तक्रारींना अजून उत्तर नाही. हे लिहिण्याआधी तिला वाचायला पाठवलं. तिने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं.

आता मी कापडी बाहुली आणि लोकरीने विणलेलं स्तनाचं मॉडेल घेऊन पकड दाखवते. बघणारे निम्म्याहून कमी झाले. डीएममध्ये कुणी 'दूध पुरत नाही, काय खाऊ?' विचारलं की आधी उलट प्रश्न करते: बाळाचं वजन किती, दिवसात लंगोट किती वेळा ओला होतो. पाच दिवसांच्या पुढचं बाळ सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल तर माझ्याशी गप्पा मारत बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा, असं लिहिते. असल्या उत्तरांचं रील होत नाही.

मागच्या आठवड्यात सिडकोतल्या एका घरी गेले होते. नवव्या दिवशी बाळ छान प्यायला लागलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आमचा व्हिडिओ नाही काढणार? मी तर तुमचं ते रडणाऱ्या मुलीचं रील बघूनच तुम्हाला शोधलं. नाहीतर हे सगळे बाटलीच आणणार होते."

मला काय बोलावं सुचेना. हेही खरंच होतं की.

"बाळ सहा महिन्यांचं होऊ दे," मी म्हटलं. "तेव्हा तुला वाटलं तर काढू."

"तेव्हा मी ऑफिसात असेन हो, ताई," ती हसली, आणि स्वतःचाच फोन नवऱ्याच्या हातात दिला.