आजचा गुरू कोण?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, दत्तमहाराज काशीला स्नान करतात, करवीरात भिक्षा मागतात आणि रात्री निद्रेला आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर येतात, असं परंपरा सांगते. दिवसाची फेरी पुरी करून देव आपल्याच मुलखात विसावतो. मग आपणही अंथरुणाला पाठ टेकण्याआधी दिवसाचा हिशेब मांडायला नको का?

हिशेब म्हटलं की नाथमहाराज आठवतात. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागवली, ही कथा आपण सारे जाणतो. याच नाथांनी १५७३ साली काशीत भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका पूर्ण केली. त्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्याची सांगण्याची रीत बघा. गुरूचं नाव आणि त्याच्याकडून घेतलेला गुण. पृथ्वीकडून क्षमा, मधमाशीकडून थोडं थोडं वेचणं, अजगराकडून मिळेल त्यात समाधान. आपल्यालाही रोज एवढंच लिहायचं आहे : आज माझा गुरू कोण, आणि त्यानं काय शिकवलं?

नांदेड-लातूरकडं प्रवचनाला गेलो की हे सांगतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "महाराज, लिहिताना हात कापतो, वही कुठं ठेवली ते ध्यानात राहत नाही." म्हणलं, मोबाईल तर जवळच असतो ना! व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवायची सोय २०२२ च्या अखेरीस आली आहे. नातवंडाकडून एकदा लावून घ्या. माईकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. तारीख आपोआप पडते. मात्र वर नाव आपलंच आहे ना, हे बघून मगच पाठवा. नाहीतर घरातली गोष्ट ग्रुपवर जायची. बँकेचे आकडे, ओटीपी तिथं लिहू नका. आणि ओळ लिहून झाली की फोन बाजूला ठेवा. अवधूताच्या गुरूंमधली ती कुमारी आठवा. तिनं हातात एकेकच कांकण ठेवलं, तेव्हा कुठं आवाज थांबला.

लातूरकडच्या एका आबांनी हा नेम महिनाभर चालवला. दूधवाला, सून, अंगणातली तुळस, असे गुरू लिहीत गेले. मग एकदा मला भेटून म्हणाले, "महाराज, मागचं सगळं वाचलं. तीसातल्या बारा रात्री गुरू सुचलाच नाही. नुसतं बांधाचं अन् धाकट्या भावाचंच लिवलंय." नऊ वर्षांचा अबोला होता. मी त्यांना कुरर पक्ष्याची गोष्ट सांगितली. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. त्यानं तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आबा काही बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. ओळ होती : "आज गुरू धाकटा. मी दारात गेलो, त्यानं आधी पाणी दिलं."

बांधाची मोजणी अजून व्हायची आहे. ती होईल तेव्हा होईल. पण दोघंही सत्तरीपुढचे. बोलायचं राहून गेलं असतं तर मोजणीनं ते भरून आलं असतं का? राग मनात असतो तोवर तो आपल्याला न्यायच वाटतो. बारा तारखांना एकच गोष्ट लिहिलेली दिसली, की त्याचं ओझं कळतं.

तेव्हा मायबापहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजन्माच्या रात्रीच आरंभ करा. चोवीस रात्री, चोवीस ओळी. एखाद्या रात्री चुकलं तर दुसऱ्या रात्री पुढं चालू ठेवा. पंचविसाव्या दिवशी देवापुढं बसून सगळं वाचा. ज्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं असेल, त्याला त्याच दिवशी फोन लावा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!